पातळ, हलका लॅपटॉप ४५ हजारांत बसेल का?

खडीसाखर | २ नोव्हेंबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. दिवाळीचे सगळे सेल आटोपल्यावर लॅपटॉप घ्यायची आठवण झालेली बहुधा मी एकटीच असेन. पण आता इलाज नाही.

काम असं: लहान दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न. घर साताऱ्यात, गिऱ्हाइकं उंब्रज, कराड, कोरेगाव, वाई अशी विखुरलेली. आठवड्यातले चार दिवस एसटीत जातात आणि पाठीवर लॅपटॉप. गेल्या महिन्यात मानेतून मुंग्या यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "आधी ती सॅक बदला, मग गोळ्यांचं बघू."

सध्याचा लॅपटॉप २०१६ चा, १५.६ इंची, इंटेलच्या आय३ प्रोसेसरचा, तोही सहाव्या पिढीचा. बटण दाबून कुकर लावायला जाते. दुसरी शिट्टी होते तेव्हा कुठे पासवर्ड मागतो. त्यात विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या मशीनवर चढत नाही.

लागतं काय? टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), एक्सेल, एकाच वेळी दहा-बारा टॅब, अधूनमधून मीटिंग. गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही. बजेट ४५ हजार, फारच ताणलं तर ४८. दुकानात गेले तर तो म्हणतो, "मॅडम, हा घ्या, एकदम स्लिम." किंमत विचारली की आपणच स्लिम होतो.

सुचवा.

---

उंटावरचा_शहाणा | २ नोव्हेंबर, रात्री १०:३१

मॅकबुक एअर एम१. वजन १.२९ किलो, पंखाच नाही त्यामुळे आवाज नाही. जुना साठा कुठे राहिला असेल तर बजेटच्या आसपास मिळून जाईल. धागा बंद करा.

---

अर्धा_कप | २ नोव्हेंबर, रात्री १०:३८

शहाण्या, उंटावरून खाली उतर आणि धागा परत वाच. टॅली विंडोजवर चालतं. त्या एअरला दोन टाइप-सी भोकं सोडून काही नाही. ताई डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन कुठे खुपसणार, उंटाच्या कानात?

---

शेजारची_मावशी | ३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मी शीर्षकात नुसतं 'पातळ' वाचून धावत आले. म्हटलं कुणीतरी लक्ष्मी रोडवर निघालंय. ४५ हजारांचं पातळ म्हणजे पैठणीच असणार!

असो. खडीसाखर, लॅपटॉपमधलं मला काही कळत नाही, पण मानेतलं कळतं. सॅक एका खांद्यावर लटकवतेस का गं? दोन्ही पट्टे घालायचे आणि ते आवळून घ्यायचे. सॅक कमरेखाली लोंबली की सगळा भार मानेवर येतो. आणि एसटीत ती वर फळीवर टाकायची, मांडीवर घेऊन बसायचं नाही.

---

कोडकर | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

मावशींचा मुद्दा आधी, माझा नंतर. पण तोही महत्त्वाचा आहे.

खडीसाखर, 'पातळ' आणि 'हलका' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानदार मुद्दाम त्यांची सरमिसळ करतो. तुमच्या मानेला जाडी कळत नाही, वजन कळतं. १७ मिलिमीटर जाडीचा १५.६ इंची लॅपटॉप १.७ किलोचा असू शकतो आणि २० मिलिमीटरचा १४ इंची १.४ किलोचा. पडदा लहान झाला की काच, बॅटरी, सांगाडा, सगळंच लहान होतं. त्यामुळे पहिला निर्णय १४ इंच. बाकी सगळं त्यानंतर.

स्वस्तात पातळ करायचं म्हणजे कशात तरी काटछाट आली. बहुतेक वेळा तीन ठिकाणी: रॅम बोर्डावरच चिकटवतात, बॅटरी ४०-४२ वॉट-अवरची लहान बसवतात आणि बिजागरी नुसत्या प्लॅस्टिकच्या आधारावर ठेवतात. बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी नळ्यांत बसतात त्या प्लॅस्टिकमध्ये रोवलेल्या असतात. बिजागरी कडक झाली की दोन वर्षांत झाकण उघडताना त्या नळ्या उपटून येतात. दुरुस्तीवाले एम-सील लावून देतात, मग आपण तो लॅपटॉप लग्नातल्या रुखवतासारखा दोन्ही हातांनी जपून उघडतो.

आता नावांचे सापळे. एएमडीच्या प्रोसेसरचं 'रायझन ५' एवढंच नाव वाचून घेऊ नका. ७००० मालिकेत आकड्यातला तिसरा अंक बघायचा, आतला गाभा किती जुना ते तो सांगतो. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २ हा जुना गाभा आणि चार कोअर, म्हणजे काम करणारे चार मेंदू. ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३ आणि सहा कोअर. डब्यावर दोन्हींना रायझन ५ च म्हणतात! शिवाय ७५२०यू ला लागणारी रॅम बोर्डावर चिकटवलेलीच येते, म्हणजे घेताना ८ जीबी घेतली की जन्मभर ८ जीबी. इंटेलकडेही तीच गंमत. आय३-१२१५यू मध्ये दोन मोठे आणि चार छोटे कोअर. आय३-एन३०५ मध्ये आठ कोअर, पण आठही छोटे. 'आठ म्हणजे सहापेक्षा जास्त' हा तिसरीतला नियम इथे चालत नाही.

तुमच्या कामाला १२१५यू भरपूर झाला. रॅम मात्र १६ करा, किंवा रिकामा स्लॉट असलेलं मॉडेल घ्या.

---

निवांत_नाना | ३ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

मी बँकेतून निवृत्त, त्यामुळे खर्च टाळायचा सल्ला देणं हा माझा हक्क आहे. जुन्या लॅपटॉपात हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा आणि रॅम वाढवा. कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत चालू होईल. विंडोज १० च्या सुरक्षा अपडेटची वर्षभराची वाढीव मुदतही घेता येते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. चार-पाच हजारांत वर्ष निघतं. घाई कसली?

---

अर्धा_कप | ३ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

नाना, एसएसडीने लॅपटॉप पळेल हो, पण ताईंच्या पाठीवरून उतरणार कसा?

---

पोटमाळा | ३ नोव्हेंबर, दुपारी १:४४

मी ट्रेकिंगवाला. आमच्यात एक नियम आहे: नवीन वस्तू घेण्याआधी आहे ती सॅक रिकामी करून एकेक वस्तू काट्यावर ठेवायची. खडीसाखर, एकदा हे करून बघा. वाण्याकडच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर. लॅपटॉपवर ४५ हजार घालवाल आणि वाचतील जेमतेम ८०० ग्रॅम.

---

खडीसाखर | ४ नोव्हेंबर, रात्री ९:२०

पोटमाळा, तुमचं ऐकलं. वाणी माझंच गिऱ्हाईक आहे, त्याचं जीएसटीचं ३बी रिटर्न मीच भरते. त्यामुळे हसला तरी काटा वापरू दिला. ग्रॅममध्ये हिशेब असा:

लॅपटॉप २२४०. चार्जर त्याच्या जाडजूड वायरीसकट ४६०. पाण्याची स्टीलची बाटली भरलेली १३१०. डबा ६४०. गिऱ्हाइकांच्या बिलांच्या फायली ११५०. छत्री, पाकीट, औषधं, टोकन, किल्ल्या मिळून ५३०. रिकामी सॅक ८९०.

एकूण ७ किलो २२० ग्रॅम! वाणी म्हणाला, "ताई, एवढी साखर घेतलीत तर मी घरपोच देतो."

बाटली आणि फायली मिळून लॅपटॉपपेक्षा जड निघाल्या. मी चार वर्षं लॅपटॉपला शिव्या घालतेय.

---

शेजारची_मावशी | ४ नोव्हेंबर, रात्री ९:४१

स्टीलची बाटली घरी ठेव बाई. कराडला पाणी मिळतं.

---

पोटमाळा | ४ नोव्हेंबर, रात्री ९:५०

बघा! साधी प्लॅस्टिकची अर्ध्या लिटरची बाटली घेतली की एका झटक्यात ८०० ग्रॅम गेले, वीस रुपयांत. फायलींचे मोबाइलवर स्कॅन करा, कागद दुकानातच राहू देत. सॅक सुद्धा ५००-६०० ग्रॅमची मिळते. लॅपटॉप घ्या, नको म्हणत नाही, पण शेवटी घ्या.

---

निवांत_नाना | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

म्हणजे माझंच खरं ठरलं. एसएसडी आणि प्लॅस्टिकची बाटली. धागा बंद करा.

---

खडीसाखर | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

नाना, तुमच्या सल्ल्याने मी कंगाल होणार नाही एवढं नक्की. पण त्या लॅपटॉपची बिजागरीही गेलीय. झाकण मागच्या भिंतीला टेकवून बसते मी. कोडकरांनी लिहिलेल्या पितळी नळ्या प्रत्यक्ष बघितल्यात, एक पर्समध्ये आहे.

---

लॅमिंग्टनचा_भिडू | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

एवढे प्रतिसाद आणि रिफर्बिश्डचं, म्हणजे जुना माल तपासून-दुरुस्त करून परत विकतात त्याचं, नाव कुणी काढलं नाही?

मी या धंद्यात बरीच वर्षं आहे, पण इथे काही विकत नाही, फक्त बोलतो. मोठ्या कंपन्या आपल्या लोकांसाठी लॅपटॉप भाड्याने घेतात आणि तीन-चार वर्षांनी लॉटच्या लॉट परत करतात. तो माल मुंबईत लॅमिंग्टन रोडला येतो, दिल्लीत नेहरू प्लेसला, बंगळुरात एस. पी. रोडला. ही मशीन मुळात महाग असतात. धातूची किंवा जाड फायबरची बॉडी, कीबोर्ड चांगला, बिजागरी दणकट, शिवाय खोलून दुरुस्त करता येतात. नवीन ४५ हजारांचा प्लॅस्टिकचा लॅपटॉप आणि ३० हजारांचा जुना बिझनेस लॅपटॉप शेजारी ठेवून दोन्हींची झाकणं एका हाताने उघडा. मला काही सांगावं लागणार नाही.

एक अट. इंटेलची आठवी पिढी ही विंडोज ११ ची उंबरठ्याची पायरी आहे, त्याखालचं काही घेऊ नका. आठवीचंही आता घेऊ नका, कारण तो २०१७-१८ चा माल. अकराव्या पिढीचा बघा. डेलचा लॅटिट्यूड ५४२० डोळ्यांसमोर ठेवा: १४ इंच, साधारण १.४ किलो, रॅमचे दोन स्लॉट, दोन साधे यूएसबी, एचडीएमआय, आणि लॅनचं, म्हणजे वायरच्या इंटरनेटचं, भोकसुद्धा.

आणि जो काही घ्याल तो लवकर घ्या. दिवाळीपासून रॅमचे भाव चढायला लागलेत. एआयवाल्यांच्या सर्व्हरांकडे माल चाललाय.

---

सह्यभटक्या | ५ नोव्हेंबर, दुपारी २:३०

भिडूंशी असहमत. मी असाच एक जुना बिझनेस लॅपटॉप घेतला होता, २६ हजारांना. दिसायला कोरा करकरीत. महिनाभराने काहीतरी बिघडलं म्हणून विंडोज रीसेट केलं, इंटरनेट जोडलं, आणि पडद्यावर भलत्याच कंपनीचं नाव! "तुमचा ऑफिसचा ईमेल टाका." कुठली कंपनी, कसला ईमेल. विकणारा फोन उचलेना. शेवटी लिनक्स टाकून भाचीला दिला.

मूळ वॉरंटी नाही, बॅटरीची खात्री नाही, बिलाचा ठिकाणा नाही. ज्यांची पोटापाण्याची कामं लॅपटॉपवर आहेत त्यांनी नवीनच घ्यावा आणि घरी येऊन दुरुस्त करणारी वॉरंटी तीन वर्षांची करून घ्यावी. २० तारखेला, ३बी च्या शेवटच्या दिवशी, मशीन बंद पडलं तर लेट फी लॅमिंग्टनवाले भरणार आहेत का?

---

लॅमिंग्टनचा_भिडू | ५ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

भटक्या, तुला वाईट माल मिळाला हे मान्य. पण ती चूक पाच मिनिटांत पकडता येते आणि कशी ते इथे लिहून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल.

मशीन मायक्रोसॉफ्टच्या यादीत जुन्या कंपनीच्या नावावर तसंच राहिलेलं असतं. कंपनीने ते काढलं नाही तर रीसेट करून इंटरनेट जोडल्यावर लगेच कळतं. म्हणून दुकानातच रीसेट करायला लावायचं आणि आपल्या मोबाइलचं हॉटस्पॉट द्यायचं. दुकानदार "इंटरनेट नंतर जोडा" म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडायचं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, शिरून पासवर्ड मागतो का तेही बघायचं.

बॅटरीसाठी काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून पॉवरसीएफजी, जागा सोडून तिरकी रेघ, बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करायचं: powercfg /batteryreport. एक फाइल तयार होते. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता अशा दोन ओळी असतात. दुसरी पहिलीच्या पाऊणपट तरी हवी.

बिल जीएसटीचंच घ्यायचं. ताईंना हे मी काय सांगणार!

---

खडीसाखर | ५ नोव्हेंबर, रात्री १०:४४

बिलाचं मी बघून घेईन, तिथे मला कुणी फसवू शकत नाही. :)

पण एक प्रश्न राहिला आणि तो कुणीच विचारला नाही. १४ इंचीला बाजूचा आकड्यांचा कीपॅड नसतो ना? माझं निम्मं काम तिथेच असतं. उजवा हात डोळे मिटूनही आकडे मारतो. वरच्या ओळीतून जीएसटी नंबर आणि रकमा टाकायच्या म्हणजे डाव्या हाताने जेवण्यासारखं आहे.

---

कोडकर | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

हं. हा माझ्याकडून सुटलेला मुद्दा. मी कोड लिहिणारा, मला तो कीपॅड अडचणच वाटतो. त्याच्यामुळे बाकीचा कीबोर्ड डावीकडे सरकतो आणि माणूस तिरका बसतो.

---

निवांत_नाना | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:५५

तिरकं बसून ३४ वर्षं नोकरी केली. कीपॅडशिवाय हिशेब नाही. १५.६ इंचीच घ्या, हलक्यातला हलका.

---

अर्धा_कप | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:०८

यूएसबीचा सुटा कीपॅड मिळतो की. पाचशे-सातशे रुपये, वजन फार तर शंभर ग्रॅम. घरी आणि ऑफिसात लावा, एसटीत सॅकमध्ये. माझी बायको वापरते. तिचं म्हणणं हाच बरा, हवा तर डावीकडेही ठेवता येतो, चहाचा कप उजवीकडे.

त्यावरून आठवलं. मंडळी, चहाचा कप लॅपटॉपपासून दूर ठेवा. माझ्या टोपणनावामागे एक दुःखद कथा आहे. उरलेला अर्धा कप कुठे गेला ते विचारू नका.

---

सह्यभटक्या | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

साखर घातली होती का?

---

अर्धा_कप | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:१९

दोन चमचे. म्हणूनच मेला. नुसतं पाणी असतं तर वाळवता आलं असतं, साखर कीबोर्डखाली गोठून बसली.

---

टोरांटोकर | ७ नोव्हेंबर, पहाटे ४:२०

मी डिसेंबरात पुण्याला येतोय. प्रवाशाला सामानात एक लॅपटॉप कस्टम ड्युटी न भरता आणता येतो. इथल्या सेलमध्ये काही मिळालं तर आणू का?

---

कोडकर | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

टोरांटोकर, तुमच्या भावना पोहोचल्या. पण वॉरंटी बऱ्याचदा ज्या देशात घेतला त्याच देशापुरती असते, ते आधी तपासावं लागेल. आणि येताना तुमचा स्वतःचा लॅपटॉप असणारच, मग एकावर दोन होतील. त्यापेक्षा मेपल सिरप आणा. ते अर्ध्या कपापासून दूर ठेवू.

---

उंटावरचा_शहाणा | ७ नोव्हेंबर, दुपारी १२:००

अजूनही सांगतो, एअरमध्ये व्हर्च्युअल मशीन टाकून विंडोज चालवता येतं. पाच वर्षं जुनं डिझाइन आहे, पण सध्याची मॅकओएसही एम१ वर चालते. आणि बॅटरी... तुम्हा विंडोजवाल्यांना तो आनंद कळायचा नाही. चार्जर घरी विसरलो तरी मला संध्याकाळी आठवण होते.

---

अर्धा_कप | ७ नोव्हेंबर, दुपारी १२:०७

८ जीबी रॅममध्ये मॅक, त्याच्या पोटात विंडोज, त्याच्या पोटात टॅली, आणि टोकन अडॅप्टरला लटकलेलं. एवढं सगळं सांभाळून ताईंनी २० तारीख गाठायची. पोटुशी बाई जिना चढतेय असं वाटतं.

बॅटरीचं मात्र खरं आहे, ते मान्य करावंच लागेल.

---

सह्यभटक्या | ७ नोव्हेंबर, दुपारी १:३३

एक गोष्ट नवीन घेणाऱ्यांसाठी, कारण हा धागा नंतर कुणीतरी वाचणार. ४०-४५ हजारांत पडद्यावर सर्वात जास्त काटछाट होते. '२५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. निट्स म्हणजे पडद्याचा उजेड, एनटीएससी म्हणजे रंग. रंगांचं सोडून द्या, टॅलीत कसले रंग. पण २५० निट्सचा पडदा खिडकीपाशी, दुकानाच्या ओट्यावर, दिवसाउजेडी आरसा होतो. त्यात टीएन नावाचं स्वस्तातलं पॅनेल असेल तर मान जरा हलवली की अक्षरं पांढरी. पॅनेल आयपीएस, म्हणजे बाजूनेही नीट दिसणारं, आहे ना, एवढं विचाराच. आणि एसएसडीऐवजी ईएमएमसी ही संथ चिप स्टोरेजला असलेलं काहीही, कितीही स्वस्त असलं तरी, घेऊ नका. ६४ जीबीत विंडोजचा अपडेट मावेपर्यंत आपण भाड्याच्या खोलीत पाहुणे ठेवल्यासारखं करतो: एकाला बाहेर काढा, दुसऱ्याला आत घ्या.

---

पोटमाळा | १२ नोव्हेंबर, रात्री ८:००

खडीसाखर कुठे गेल्या? बाटली बदलली का?

---

अर्धा_कप | १२ नोव्हेंबर, रात्री ८:१२

काल ११ तारीख होती, जीएसटीच्या आर१ रिटर्नची. जिवंत असतील तर उद्या येतील.

---

खडीसाखर | १३ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

आले. झोप काढून आले. शनिवारी पुण्याला चुलत भावाकडे चालले आहे, तेव्हा दोन-तीन दुकानं बघणार. भिडूंची यादी कागदावर उतरवून घेतलीय. बाटली बदलली, मावशी.

---

खडीसाखर | २२ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

२० तारीखही पार पडली, आता निवांत लिहिते.

पहिल्या दुकानात नवीन १४ इंची बघितला, ४३,९९० चा. १.४ किलो, दिसायला सुरेख, चांदीसारखा. आकडा बघितला: ७५२०यू! कोडकर, मी विचारलं, "तिसरा अंक २ का?" विक्रेता पोरगा माझ्याकडे असा बघत राहिला जणू मी त्याची पत्रिका मागितली. रॅम ८, चिकटवलेली. झाकणाच्या कोपऱ्यावर बोट दाबलं तर पडद्यावर लाटा उठल्या.

दुसऱ्या दुकानात आय३-१२१५यू, ८ जीबी आणि एक स्लॉट रिकामा, ३८ हजार. हा आवडला होता. पण त्याला लॅन नाही, आणि माझ्या दोन गिऱ्हाइकांकडे वायफाय नाही, वायरच आहे. अडॅप्टर घ्या म्हणाला. आणखी एक लटकन नको झालं.

तिसऱ्या दुकानात जुना माल. लॅटिट्यूड ५४२० च होता, अकराव्या पिढीचा आय५, १६ जीबी, ५१२ ची एसएसडी, ३१,५००. "इंटरनेट जोडून रीसेट करून दाखवा," म्हटल्यावर मालक हसला आणि म्हणाला, "कुठे वाचलंत?" पण केलं त्याने. पाऊण तास गेला, तोवर भावाने आणि मी शेजारी मिसळ खाल्ली. परत आलो तर साधं विंडोजचं स्वागत. बॅटरी मूळ ६३ वॉट-अवरची, आता ५१ धरते. झाकणावर एक चरा आहे आणि एंटरवरची अक्षरं पुसट झालीत. आधी कुणीतरी भरपूर एंटर मारलेत.

घेतला. भटक्या, तुमचा धसका होता म्हणून दुकानाची एक वर्षाची वॉरंटी बिलावर लिहून घेतली, शिक्क्यासकट. उरलेल्या पैशांतून सुटा कीपॅड आणि नवीन सॅक.

---

सह्यभटक्या | २२ नोव्हेंबर, दुपारी १२:०४

अभिनंदन! शिक्का घेतलात हे उत्तम. माझं मत बदललेलं नाही, पण तुमचा लॅपटॉप चालो.

---

निवांत_नाना | २२ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवरून सरेंडर, म्हणजे मोकळं, केलं का? ते न करता जुना लॅपटॉप भंगारात दिला की नव्यावर चालू करताना बोंब होते. आमच्या सोसायटीच्या खजिनदाराने हे केलंय.

---

खडीसाखर | २२ नोव्हेंबर, दुपारी १२:३३

बाप रे. नाही केलं! लॅपटॉप अजून माळ्यावर आहे, नशीब. नाना, तुमचे आभार कसे मानू?

---

निवांत_नाना | २२ नोव्हेंबर, दुपारी १२:३५

त्यात एसएसडी बसवून मला द्या.

---

पोटमाळा | २२ नोव्हेंबर, दुपारी १:१५

काटा? आकडे?

---

खडीसाखर | २२ नोव्हेंबर, रात्री ८:५०

वाण्याकडे जाऊन आले. लॅपटॉप १४६०. टाइप-सी चार्जर २९०. कीपॅड ११०. बाटली ५३०. डबा तोच, ६४०. सॅक ५८०. किरकोळ ५३०. फायली ९००, कारण कोरेगावचे एक काका अजूनही कागदच हातात देतात, मोबाइलवर काढलेला फोटो त्यांना खोटा वाटतो.

एकूण ५ किलो ४० ग्रॅम. आधी ७ किलो २२० होतं.

---

पोटमाळा | २२ नोव्हेंबर, रात्री ९:०२

२१८० ग्रॅम कमी! जुना लॅपटॉपच पाठीवरून उतरवल्यासारखं झालं. आता त्या काकांचं काहीतरी करा.

---

शेजारची_मावशी | २२ नोव्हेंबर, रात्री ९:१०

आणि मान?

---

खडीसाखर | २२ नोव्हेंबर, रात्री ९:२६

बरीच बरी आहे, मावशी. पण आज एसटीत सॅक वर फळीवर ठेवली ती उतरताना तिथेच राहिली. उंब्रजच्या स्टँडवर गाडीमागे धावले. कंडक्टर ओळखीचा, म्हणून मिळाली. तेवढ्या पळापळीत पाठीत भरलंय.

---

शेजारची_मावशी | २२ नोव्हेंबर, रात्री ९:३१

मांडीवर घेत जा गं बाई.